दीड कोटी डॉलरचं खरेदीखत

भाचा कॅलिफोर्नियात मिलपीटसला असतो. त्याने परवा घरच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला आणि खाली लिहिलं, "मामा, यात चूक काढून दाखवा." तोच मजकूर त्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर आणि शाळेच्या ग्रुपवरही येऊन गेला होता, म्हणजे बराच फिरलेला दिसतो. सारांश असा:

"अमेरिकेने कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको, ॲरिझोना कुणाकडून लुटले नाहीत. मेक्सिकोला रोख दीड कोटी डॉलर मोजून रीतसर विकत घेतले. तो प्रदेश ओसाड आणि रिकामा होता. जे थोडे लोक होते त्यांच्या जमिनी करार करून त्यांच्याकडेच ठेवल्या. बाकीची जमीन कष्टाळू शेतकऱ्यांना १६० एकरप्रमाणे फुकट वाटली आणि त्यांनी वाळवंटाचं नंदनवन केलं. टेक्सास तर आपखुशीने आला. आज तिथे घुसखोरी करणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा."

मी इतिहासाचा माणूस नाही. तालुक्याच्या कोर्टात पस्तीस वर्षं दिवाणी दावे चालवले, त्यातले निम्म्याहून जास्त जमिनीचे. त्यामुळे "रीतसर खरेदी" असं कुणी म्हटलं की आधी कागद मागायची खोड लागलीय. या व्यवहाराचा कागद, म्हणजे अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणारा १८४८ चा करार, जगजाहीर आहे. तेव्हा ओळीने घेऊ.

"रोख दीड कोटी मोजून रीतसर विकत घेतले."

रोख तर नाहीच. कराराच्या बाराव्या कलमात लिहिलंय की ३० लाख डॉलर करार पक्का झाल्यावर लगेच, आणि उरलेले १ कोटी २० लाख दरसाल ३० लाखांच्या हप्त्याने, सहा टक्के व्याजासह. शिवाय अमेरिकन नागरिकांची मेक्सिकोकडे जी येणी होती ती साडेबत्तीस लाखांपर्यंत अमेरिकेने स्वतःच्या अंगावर घेतली. पण हप्ते की रोख हा किरकोळ मुद्दा झाला. कागदावर सही कुठे आणि केव्हा झाली ते बघा.

२ फेब्रुवारी १८४८. जागा ग्वादालूपे इदाल्गो, मेक्सिको सिटीच्या वेशीवरचं गाव. खुद्द मेक्सिको सिटी १४ सप्टेंबर १८४७ पासून अमेरिकन फौजेच्या ताब्यात, आणि मेक्सिकोचं सरकार राजधानी सोडून केरेतारोला बसलेलं. विकणाऱ्याच्या ओसरीवर घेणाऱ्याची माणसं बंदुका घेऊन बसली आहेत आणि आत खरेदीखत लिहिलं जातंय, असा हा प्रकार. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात "मुक्त संमती" नावाची एक अट आहे. असा दस्त माझ्याकडे आला असता तर पहिल्याच तारखेला मी तिच्यावर बोट ठेवलं असतं.

बरं, त्याआधी सरळ विचारून झालं होतं. १८४५ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष पोल्क यांनी जॉन स्लायडेलला मेक्सिकोला पाठवलं. कॅलिफोर्निया आणि न्यू मेक्सिकोसाठी अडीच कोटी डॉलर आणि वेळ पडली तर त्याहून जास्त द्यायची तयारी होती. मेक्सिकोच्या सरकारने त्याची भेटच घेतली नाही. मालक म्हणाला, विकायची नाही. मग फौज रिओ ग्रांदेच्या काठावर गेली. मेक्सिकोपासून फुटून अमेरिकेत सामील झालेल्या टेक्सासची हद्द न्यूएसेस नदीपर्यंत असं मेक्सिकोचं म्हणणं, रिओ ग्रांदेपर्यंत असं अमेरिकेचं. मधला पट्टा वादातला. तिथे २५ एप्रिल १८४६ ला चकमक झाली आणि "अमेरिकन भूमीवर अमेरिकन रक्त सांडलं" म्हणून पोल्कनी काँग्रेसकडे युद्ध मागितलं. यातली मौज अशी की चकमकीची बातमी वॉशिंग्टनला पोचली ९ मेच्या संध्याकाळी, आणि युद्ध मागायचं हे मंत्रिमंडळात त्याच दिवशी दुपारी ठरून गेलं होतं. कारण तेव्हा वेगळं होतं: थकलेली येणी आणि स्लायडेलचा अपमान. संध्याकाळी फक्त जास्त चांगलं कारण मिळालं.

हे मी मेक्सिकोच्या बाजूने बोलत नाही. इलिनॉयचा एक नवखा खासदार, अब्राहम लिंकन, डिसेंबर १८४७ मध्ये सभागृहात उभा राहून हेच विचारत होता की रक्त नेमकं कोणत्या जागी सांडलं ते दाखवा. पुढच्याच महिन्यात प्रतिनिधी सभेने ८५ विरुद्ध ८१ मतांनी नोंदवलं की हे युद्ध राष्ट्राध्यक्षांनी अनावश्यक आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केलं. आणि त्या युद्धात तरुण अधिकारी म्हणून लढलेल्या युलिसिस ग्रँटने म्हातारपणी लिहून ठेवलं की बलाढ्य देशाने दुबळ्या देशावर लादलेल्या सगळ्यांत अन्याय्य युद्धांपैकी हे एक. हा माणूस मधल्या काळात दोनदा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला होता.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डवाल्याच्या बाजूने सांगायला हवी. वाटाघाटी करणारा निकोलस ट्रिस्ट याला पोल्कनी परत बोलावलं होतं. त्याने हुकूम न मानता तिथेच राहून सही केली. तोवर अमेरिकेत आख्खा मेक्सिकोच घ्या म्हणणारेही झाले होते. ट्रिस्ट निमूट परतला असता तर लचका आणखी मोठा तुटला असता अशी बरीच शक्यता होती.

"ओसाड आणि रिकामा प्रदेश."

सांता फे हे गाव १६१० चं. मेफ्लॉवर जहाज मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागलं ते १६२० मध्ये. युद्धाच्या सुमाराला न्यू मेक्सिकोत साठ हजारांच्या आसपास स्पॅनिश बोलणारी माणसं आणि पुएब्लो नावाचे मूळनिवासी नांदत होते, पाटाच्या पाण्यावर शेती करत होते. कॅलिफोर्नियातली स्पॅनिश वस्ती विरळ होती हे खरं, पण तिथे त्या वेळी सुमारे दीड लाख मूळनिवासी राहत होते. १८७० पर्यंत त्यांतले जेमतेम तीस हजार उरले. रोगराई होती, उपासमार होती, आणि सरळ सरळ कत्तली होत्या. १८५० च्या राज्याच्या कायद्यात मूळनिवासी माणसाला "भटका" ठरवून त्याची मजुरी लिलावात विकायची सोय होती. पहिले गव्हर्नर पीटर बर्नेट यांनी जानेवारी १८५१ च्या भाषणात सांगितलं की ही जमात नामशेष होईपर्यंत संहाराचं युद्ध चालूच राहणार. केंद्राच्या प्रतिनिधींनी मूळनिवासींशी १८ करार केले, ते सिनेटने १८५२ मध्ये फेटाळले आणि कागद १९०५ पर्यंत गुपित ठेवले. तिकडे करार केलेले लोक आपण दिलेल्या शब्दाप्रमाणे जागा सोडून बसले होते. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी माफी मागितली ती याचीच. जागा रिकामी नव्हती, रिकामी केली गेली.

आता दुसऱ्या बाजूचे फॉरवर्डही येतात, "अर्धा मेक्सिको चोरला" असे. तेही पुरतं खरं नाही. १७६९ मध्ये स्पेनची पहिली मिशन (पाद्र्यांची वसाहत) उभी राहिली तेव्हा कॅलिफोर्नियात मूळनिवासी सुमारे तीन लाख होते असं मानतात. ते निम्मे झाले ते स्पेन आणि मेक्सिकोच्याच राज्यात. मिशन मोडली तेव्हा त्यांच्या जमिनी त्यांना मिळायच्या होत्या, मिळाल्या मोजक्या मोठ्या घराण्यांना. आणि टेक्सासपासून पुढे मैदानी मुलखात मेक्सिकोचा अंमल नकाशावर होता, जमिनीवर कोमांचे या मूळनिवासी जमातीचा. त्यांच्या घोडदळाच्या धाडी पार दुरांगो, झाकातेकासपर्यंत जात. या धाडी आम्ही रोखू असं कराराच्या अकराव्या कलमात अमेरिकेने लिहून दिलं. पाच वर्षांत ते झेपत नाही असं दिसल्यावर १८५३ च्या गॅड्सडेन व्यवहारात एक कोटी डॉलर देऊन आणखी जमीन घेतली आणि त्याच कागदात ते कलमही रद्द करून घेतलं. म्हणजे विकणाऱ्याकडे ताबा नव्हता, घेणाऱ्याला ते माहीत होतं, आणि ज्यांचा ताबा होता त्यांना दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

"लोकांच्या जमिनी त्यांच्याकडेच ठेवल्या."

फॉरवर्डमधलं हे वाक्य सगळ्यांत सभ्य दिसतं आणि सगळ्यांत खोटं आहे, म्हणून इथे जरा बसू.

करारात हमी होती हे खरं. आठव्या कलमात मालमत्ता अबाधित राहील, नवव्यात नागरिकत्व मिळेल. दहाव्या कलमात मेक्सिकोने दिलेल्या सनदा आम्ही मानू असं स्पष्ट होतं. ते दहावं कलम अमेरिकन सिनेटने १० मार्च १८४८ ला करार मंजूर करतानाच काढून टाकलं. सही झाल्यावर एका पक्षाने कलम खोडायचं आणि दुसऱ्याने राजधानी परत मिळावी म्हणून मान डोलवायची.

मग आला ३ मार्च १८५१ चा कायदा. कॅलिफोर्नियात ज्याच्याकडे स्पेनची किंवा मेक्सिकोची सनद असेल त्याने दोन वर्षांत कमिशनपुढे येऊन ती सिद्ध करावी, नाही तर जमीन सरकारजमा. पुरावा देण्याची जबाबदारी ताबेदारावर. वकिलाला इथेच कळतं की पुढे काय होणार. (आपल्याकडे मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला कायद्याचं बळ मिळालं ते १८५२ साली. तेही याच पद्धतीने: आजोबांपासून खाताय ना, मग कागद दाखवा.)

कागद कसे असत ते सांगतो. कॅलिफोर्नियातल्या रांचोच्या, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या जमिनीच्या, सनदेला एक हाताने काढलेला नकाशा जोडलेला असे, त्याला "दिसेन्यो" म्हणत. त्यात डोंगर म्हणजे उलट्या वाट्या, ओढा म्हणजे वाकडीतिकडी रेघ, मध्ये एखादं ओकचं झाड. मोजणीला दोन घोडेस्वार. पन्नास वाराची कातडी दोरी, तिच्या दोन्ही टोकांना खुंट्या. एक स्वार खुंटी रोवून थांबणार, दुसरा दोरी ताणत पुढे जाणार, मग पहिला त्याला ओलांडून पुढे. वारा म्हणजे लांबीचं स्पॅनिश माप, सुमारे ३३ इंच. दोरी दवात भिजली की सैल, उन्हात सुकली की आखूड. शेवटी क्षेत्रफळ लिहून पुढे "पोको मास ओ मेनोस", म्हणजे आपल्या दस्तातलं "कमी-जास्त". शेजारीपाजारी सगळे ओळखीचे, गुरं उघड्यावर चरणारी, हद्द दहा हात इकडे सरकली तरी कुणाचं काही अडत नसे. सोनं सापडलं आणि अडायला लागलं. २४ जानेवारी १८४८ ला कॅलिफोर्नियात सटरच्या लाकूड कापायच्या गिरणीच्या चरात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले, कराराच्या सहीच्या अवघे नऊ दिवस आधी. बातमी सही करणाऱ्यांपैकी कुणालाच नव्हती.

कमिशनपुढे ८१३ दावे आले. बहुतेक मंजूर झाले, सुमारे सहाशे. बघा, न्याय मिळाला की, असं भाचा म्हणेल. मिळाला, पण पक्का हुकूम हातात यायला सरासरी सतरा वर्षं लागली. कमिशन, मग जिल्हा न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय, मग मोजणी, मग मोजणीवर हरकत. कामकाज इंग्रजीत. वकिलाची फी जमिनीच्या तुकड्याने द्यायची, घरखर्चाला महिन्याला काही टक्के व्याजाने कर्ज काढायचं, आणि तोवर वावरात उपरे लोक झोपडी बांधून बसलेले, ज्यांना मत देता येत होतं. १८६१-६२ ला महापूर, पाठोपाठ दोन वर्षं अवर्षण, गुरं हजारोंनी मेली. दावा जिंकणाऱ्याच्या नावावर जमीन यायची ती सावकाराकडे जाण्यापुरती.

मारियानो व्हायेहो हा अमेरिकेचं राज्य यावं असं म्हणणारा माणूस. जून १८४६ मध्ये अस्वलाचा झेंडा घेऊन आलेल्या बंडखोरांनी सोनोमात पहाटे त्यालाच धरलं आणि सटरच्या किल्ल्यात डांबलं. तरी सुटल्यावर तो कॅलिफोर्नियाची राज्यघटना लिहिणाऱ्यांत बसला, राज्याचा सिनेटर झाला. त्याचा सोस्कोलचा दावा १८६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. राज्यघटनेवर सही करणारा दुसरा एक गृहस्थ, मानुएल दोमिंगेस, १८५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात साक्षीला उभा राहिला, तेव्हा अंगात मूळनिवासी रक्त आहे म्हणून त्याची साक्षच घेतली नाही. ज्या राज्याची घटना त्याने सहीनिशी दिली, त्या राज्याचा कायदा असा होता.

भाच्यासाठी आणखी एक. तुझं मिलपीटस म्हणजे "मक्याची छोटी शेतं", मूळ शब्द मिल्पा, नाहुआत्ल भाषेतला. तुझ्या शेजारचं स्टेशन बेरीएसा. ते नाव बेरेयेसा घराण्याचं. २८ जून १८४६ ला होसे दे लोस रेयेस बेरेयेसा हा साठी गाठलेला माणूस सोनोमात कैदेत असलेल्या मुलाची चौकशी करायला निघाला. बरोबर आरो घराण्यातले जुळे भाऊ, विशीच्या आतबाहेरचे. सान राफाएलजवळ होडीतून उतरले आणि किट कार्सन व त्याच्या साथीदारांनी तिघांना गोळ्या घातल्या. त्या अमेरिकन तुकडीचा प्रमुख होता जॉन फ्रीमाँट. हाती कुणाकडे शस्त्र नव्हतं. "मला कैदी ठेवायला जागा नाही," असं फ्रीमाँट म्हणाल्याचं प्रत्यक्ष पाहणाऱ्या एकाने दहा वर्षांनी वर्तमानपत्रात सांगितलं, कारण तेव्हा फ्रीमाँट राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता. मिलपीटसला लागून जे फ्रीमाँट शहर आहे, जिथे तुमचा गणपती बघायला लोक येतात, ते याच्याच नावाचं. बेरेयेसांच्या रांचोवर न्यू आल्मादेनची पाऱ्याची खाण निघाली. सोनं गाळायला पारा लागतो, त्यामुळे तिची किंमत सोन्यासारखीच. हद्द नेमकी कोणत्या डोंगरावरून जाते यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले झाले. पारा कंपन्यांनी काढला.

न्यू मेक्सिकोत तऱ्हा निराळी. तिथे सनदा बहुतेक गावाच्या नावाने. घरटी थोडं बागायत आणि बाकी डोंगर, कुरण, सरपण सगळ्यांचं, म्हणजे आपलं गायरान. त्यांच्यासाठी खास कोर्ट निघालं ते थेट १८९१ मध्ये. साडेतीन कोटी एकरांच्या आसपास दावे, मान्य झाले वीस लाखांच्या आसपास. यात लबाड दावेही भरपूर होते हे सांगायला हवं. जेम्स रीव्हिस नावाच्या महाभागाने जुन्या स्पॅनिश सनदा बनवून ॲरिझोनाचा मोठा तुकडाच मागितला होता. पकडला गेला, तुरुंगात गेला. पण खऱ्या सनदांचं काय झालं ते दोन निकालांत दिसतं. दोघांच्या नावे दिलेली एक सनद, मेक्सिकोच्या कायद्याने फार तर ९७ हजार एकर भरणारी, विकत विकत मॅक्सवेल कंपनीकडे आली. तिला सर्वोच्च न्यायालयाने १८८७ मध्ये १७ लाख एकर दिले. सान मिगेल देल बादो गावाची सनद तीन लाख पंधरा हजार एकरांची. तिला १८९७ मध्ये मिळाले सुमारे पाच हजार. गायरान हे गावाचं नसून सार्वभौम सत्तेचं, ती सत्ता आता अमेरिका, सबब जमीन सरकारची, असा निकाल. पुढे त्यातली बरीच जमीन राष्ट्रीय वनात गेली आणि ज्यांच्या मेंढ्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या चरल्या त्यांना चराईचा परवाना घ्यायला लागला.

"१६० एकर फुकट, आणि वाळवंटाचं नंदनवन."

होमस्टेडचा कायदा १८६२ चा, खरा आहे, आणि त्याने लाखो गरीब कुटुंबांना जमीन दिली हेही खरं. पण ती बहुतेक मधल्या मैदानांत, जी मेक्सिकोकडून घेतलेलीच नव्हती. टेक्सासला तर तो लागूच नव्हता, कारण तिथली पडीक जमीन राज्याने स्वतःकडे ठेवली होती. रेल्वे कंपन्यांना केंद्राने १३ कोटींहून जास्त एकर दिले. कॅलिफोर्नियात मिलर आणि लक्स या दोन खाटीक भागीदारांकडे दहा लाख एकरांच्या वर जमीन गोळा झाली. कष्टाळू शेतकरी होते, पण फॉरवर्डमध्ये फक्त तेवढेच आहेत.

नंदनवनाबद्दल एवढंच की पाट होते, त्यांना "असेकिया" म्हणतात आणि न्यू मेक्सिकोत काही अजून वाहतात. काउबॉय ज्याला म्हणतात त्याचं सगळं सामान स्पॅनिश वाकेरोचं, म्हणजे गुराख्याचं: रँच म्हणजे रांचो, लॅसो म्हणजे लासो, कोरल, रोडिओ, मस्टँग. सोन्याच्या खाणीतसुद्धा सोनोराहून आलेल्या मेक्सिकन कामगारांनी नवख्यांना माती धुवायला शिकवलं, आणि १८५० मध्ये त्यांच्यावर महिना २० डॉलर परदेशी खाणकर लागला.

"टेक्सास आपखुशीने आला. घुसखोरांनी इतिहास वाचावा."

ही दोन वाक्यं फॉरवर्डमध्ये शेजारी आहेत, हा योगायोग मला फार आवडला.

मेक्सिकोने अमेरिकन लोकांना टेक्सासमध्ये बोलावलं होतं. स्टीफन ऑस्टिनच्या वसाहतीत कुटुंबाला चराऊ रान ४,४२८ एकर मिळे, तेही नाममात्र पैशात. अटी: मेक्सिकोचं नागरिकत्व घ्या, कॅथलिक व्हा, इथला कायदा पाळा. १८२९ मध्ये मेक्सिकोने गुलामगिरी बंद केली, टेक्सासला ओरड झाल्यावर सूट दिली. १८३५ मध्ये मेक्सिकोचा सत्ताधीश सांता आनाने घटना गुंडाळली तेव्हा टेक्सासच पेटला असं नाही, झाकातेकासही पेटलं, आणि टेक्सासच्या बाजूने हुआन सेगिनसारखे स्पॅनिश बोलणारेही लढले. एवढं फॉरवर्डवाल्याचं खरं. पण स्वतंत्र टेक्सासच्या १८३६ च्या घटनेत गुलामगिरी कायम झाली, आणि मुक्त कृष्णवर्णीयाला तिथल्या काँग्रेसच्या परवानगीशिवाय राहायची मनाई. १८६० च्या जनगणनेत टेक्सासमध्ये १,८२,५६६ गुलाम होते. सेगिनला सहा वर्षांत पळून मेक्सिकोत जावं लागलं.

आणि घुसखोर. १८२८ मध्ये जनरल मानुएल दे मिएर इ तेरान सीमा पाहायला टेक्सासमध्ये फिरला. अमेरिकेच्या सीमेजवळच्या नाकोग्दोचेसला पोचेपर्यंत मेक्सिकन माणसं जवळजवळ दिसेनाशी झाली होती. शाळा अमेरिकन, व्यवहार अमेरिकन, कायदा कुणी विचारत नाही. त्याने वर कळवलं की आता हात हलवा, नाही तर हा मुलूख गेला. त्यावरून ६ एप्रिल १८३० चा कायदा झाला: अमेरिकेतून येणाऱ्यांना टेक्सासमध्ये बंदी. लोक येतच राहिले, सीमेवरची नदी ओलांडून, कागदांशिवाय. तेरानकडे पुरेसे शिपाई नव्हते, देशात यादवी माजली होती, त्याची प्रकृतीही ढासळली होती. २ जुलै १८३२ ला त्याने मित्राला पत्र लिहिलं, टेक्सासचं काय होणार, असं विचारलं, आणि देवाच्या मनात असेल ते, असं आपणच उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पादिया गावात पडक्या चर्चच्या मागे त्याने तलवारीची मूठ भिंतीला टेकवली, टोक छातीला लावलं आणि अंग पुढे झोकून दिलं.